एकतीस पिशव्या हिरवळ

विजयकुमार टिपणीसने आयुष्यात कधी गवत लावलं नव्हतं, कापलं नव्हतं आणि गवताविषयी मनात कसलाही आकस धरला नव्हता. मुलुंडच्या ज्या सोसायटीत तो वाढला तिथे खाली एक चौकोनी हिरवा तुकडा होता आणि त्यावर 'गवतावरून चालू नये' अशी पाटी होती. तो चालला नाही. गवताशी त्याचा संबंध एवढाच. असं असताना वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, परक्या देशात, शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत आपण एक अख्खं लॉन ठार मारलं, अशी त्याची चांगली दोन महिने खात्री होती.

झालं असं, की २००५ साली जपानात अकिहाबाराहून उत्तरेकडे जाणारी नवी रेल्वे सुरू झाली. विजयकुमारचं ऑफिस अकिहाबाराला, आणि घर इतर सगळ्या भारतीयांप्रमाणे ग्योतोकुला. तिथल्या दोन खोल्यांत सुप्रभाचा कुकर एकीकडे आणि आठ वर्षांच्या चैत्रालीचा पियानो दुसरीकडे, अशी वाटणी झाल्यावर विजयकुमारला लॅपटॉप घेऊन बाथरूमच्या दाराशी बसावं लागे. नव्या रेल्वेवर, शेवटून तिसऱ्या स्टेशनाजवळ, तेवढ्याच भाड्यात स्वतंत्र दुमजली घर मिळतंय असं कळल्यावर त्याने विचार केला नाही. विचार न करणं हा टिपणीस घराण्याचा गुण नव्हे, पण तेव्हा तो अंगात आला.

घराच्या मालकीणबाई सेकिगुची-सान; हे 'सान' जपानी लोक बाई-बुवा सगळ्यांच्याच नावाला मानाने लावतात. वय बहात्तर, चण चिमणीएवढी, आणि नवरा दोन वर्षांपूर्वी वारलेला. त्या नागोयाला मुलीकडे राहायला निघाल्या होत्या. परदेशी माणसाला घर द्यायची त्यांची ही पहिलीच वेळ. एजंटने सांगितलं, की त्यांची अट एकच आहे. घरापुढे दहा बाय पंधरा फुटांचं लॉन आहे, ते नवऱ्याने निवृत्तीनंतर स्वतःच्या हाताने लावलंय, तेवढं सांभाळा. विजयकुमारने छातीवर हात ठेवून 'नो प्रॉब्लेम' म्हटलं. आपल्याकडच्या आयटीवाल्याच्या तोंडी हे दोन शब्द आले की प्रॉब्लेमने कुठेतरी गाडी पकडलेली असते, हे त्याच्या जपानी साहेबांना एव्हाना कळलं होतं, पण सेकिगुची-सानना कळायचं कारण नव्हतं. त्यांनी समाधानाने मान लववली आणि एक वही त्याच्या हातात ठेवली.

वहीत महिन्याला एक पान होतं. ऑफिसातल्या होशिनो-सान या बाई दर महिन्याला लंच टाइममध्ये ते पान वाचून दाखवत. सप्टेंबर : अमुक उंचीवर कापा. ऑक्टोबर : तण उपटा, हाताने उपटा, औषध मारू नका. नोव्हेंबर : पडलेली पानं रोज वेचा. विजयकुमार अक्षरशः तसं करत गेला. डिसेंबरचं पान उलटलं तर ते कोरं. जानेवारी कोरा. फेब्रुवारीही कोरा. मार्चपासून पुन्हा मजकूर. होशिनो-साननी मान तिरकी करून दातांतून बारीक हवा आत ओढली. जन्म टॉवरच्या नवव्या मजल्यावर गेल्यामुळे त्यांना गवतातलं काही कळत नव्हतं, आणि जे कळत नाही त्यावर मत देण्याची पद्धत त्यांच्याकडे नव्हती. विजयकुमारकडे होती. तो म्हणाला, म्हाताऱ्या बाई, तीन पानं लिहायची राहून गेली असणार.

आणि त्याच आठवड्यात लॉन पिवळं पडायला लागलं.

आधी कडेने, मग मधून. डिसेंबरच्या दहा तारखेपर्यंत सगळं लॉन पोत्याच्या रंगाचं झालं. त्या वर्षीची थंडीही अशी, की जुनेजाणते लोक टीव्हीवर येऊन आठवणी सांगत होते. उत्तरेच्या डोंगरांकडून कोरडा वारा येई, ओठ फाटत, हात चरचरत, दाराच्या कडीला हात लावला की चटका बसे. पण थंडी माणसांना वाजते, गवताला नाही, अशी मुलुंडमध्ये तयार झालेली विजयकुमारची समजूत होती. त्याला आरोपी एकच दिसत होता, तो स्वतः.

इथे संजीवचं सांगितलं पाहिजे, कारण विजयकुमारची झोप खरी उडाली ती त्याच्यामुळे. संजीव हा त्याच्या टीममधला ठाण्याचा मुलगा. एप्रिलमध्ये बायको आणि सहा महिन्यांची जुळी घेऊन येणार होता, आणि अकरा एजंटांनी त्याला अतिशय गोड शब्दांत 'परदेशी नकोत' असं कळवलं होतं. विजयकुमारच्या शेजारचे नोमुरा-सान यांचं एक छोटं घर त्याच गल्लीत रिकामं होतं. एजंटने हळूच सांगितलं होतं, की नोमुरा-सान अजून काही बोललेले नाहीत, ते एक हिवाळा बघणार आहेत. काय बघणार आहेत हे त्याने सांगितलं नाही. पण नोमुरा-सानच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट काय दिसतं, ते विजयकुमारला दिसत होतं. जुळ्या मुलांच्या डोक्यावरचं छप्पर आता त्या दीडशे चौरस फुटांवर अवलंबून होतं.

त्याने गुणवंतराव धोत्र्यांना फोन लावला. गुणवंतराव बँकेत, ग्योतोकुला नऊ वर्षं, आणि जपानात मराठी माणसाला पडणाऱ्या कुठल्याही प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर असे. उत्तर बरोबर असेच असं नाही, पण असे आणि लगेच असे. लक्षणं ऐकून ते म्हणाले, "टिपणीस, साधी गोष्ट आहे. हवा कोरडी आहे, गवताला पाणी कमी पडतंय. सकाळ-संध्याकाळ भरपूर पाज."

विजयकुमार पहाटे साडेपाचला उठून, कानटोपी घालून, नळी लावून पाणी पाजू लागला. नोमुरा-सान तेव्हाच कुत्र्याला फिरवायला निघत. ते थांबून कमरेत वाकत आणि म्हणत, "थंडी आहे, नाही का?" विजयकुमारही वाकून, हो, आहे खरी, म्हणे. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "थंडी आहे, नाही का? फारच मेहनत घेता तुम्ही." विजयकुमारच्या अंगावर मूठभर मांस चढलं. चहा पिताना त्याने सुप्रभाला सांगितलं, की शेजाऱ्यांच्या लक्षात येतंय, चांगलं इंप्रेशन पडतंय.

घराचं अंगण गल्लीच्या बाजूला किंचित उतरतं होतं. हे 'किंचित' विजयकुमारच्या लक्षात आलं नव्हतं, पण पाण्याच्या आलं होतं. एका सकाळी पारा शून्याच्या बराच खाली गेला आणि अंगणापासून गल्लीच्या तोंडापर्यंत काचेसारखा बर्फाचा पट्टा तयार झाला. शाळेत निघालेल्या पोरांनी दप्तरं कडेला ठेवून त्यावर घसरगुंडी सुरू केली. त्यांच्यात चैत्राली नव्हती, ती खांबामागे उभी राहून आपण या घरातल्या नाही असं दाखवत होती. आणि मग कोपऱ्यावरून नोमुरा-सान कुत्र्यासकट आले.

कुत्रं सावरलं. नोमुरा-सान नाही सावरले. ते बसल्या बैठकीला आठ-दहा फूट आले आणि विजयकुमारच्या फाटकाशी थांबले. नळी हातात धरून विजयकुमार जागच्या जागी थिजला. मुलुंडमध्ये यापुढचा प्रवेश त्याला पाठ होता. आधी आवाज, मग सोसायटीचे सेक्रेटरी, मग जुन्या पार्किंगच्या भांडणाचा उल्लेख. नोमुरा-सान उठले, पँट झटकली, टाचा जुळवल्या आणि इतक्या सकाळी तुमच्या दारात पडून तुम्हाला त्रास दिला याबद्दल त्यांनी विजयकुमारची माफी मागितली. मग घरी जाऊन बादलीभर वाळू आणली आणि गल्लीभर पसरली. विजयकुमारला चारचौघांत थोबाडीत बसली असती तरी इतका धक्का बसला नसता.

चैत्राली संध्याकाळी घरी येऊन "हाझुकाशी" एवढाच शब्द बोलली. म्हणजे लाज वाटते. मराठीत बोल, असं तिला सांगायची विजयकुमारची हिंमत झाली नाही.

गुणवंतरावांनी निदान बदललं. मुळांना थंडी बाधली आहे, पांघरूण घाल. सुप्रभाने विचारलं, की ज्या माणसाच्या पहिल्या सल्ल्याने शेजारी पडला, त्याचा दुसरा घ्यायचा का? विजयकुमार म्हणाला, सल्ला चुकला नव्हता, उतार चुकला होता. घरातल्या झाडून सगळ्या चादरी आणि सुप्रभाच्या आईने दिलेली लाल-काळी सोलापुरी चादर लॉनवर अंथरली गेली आणि कडेने वजनाला पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. नोमुरा-सान कुंपणापाशी थांबून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, की थंडी आहे, नाही का?

रविवारी दुपारी वारा सुटला. बाकीच्या चादरी कुंपणाला अडकल्या, पण सोलापुरी चादर वजनदार असूनही, किंवा मुळातच स्वाभिमानी असल्यामुळे, वर उचलली गेली आणि नोमुरा-सानच्या निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर जाऊन फडकू लागली. तिसऱ्या दिवशी ती परत आली. धुतलेली, इस्त्री केलेली, पातळ कागदात गुंडाळलेली, आणि सोबत संत्र्यांची पिशवी. सुप्रभाने ती उघडून पाहिली आणि खाली बसली. म्हणाली, "विजय, माझ्या लग्नापासून हिला कोणी इस्त्री केलेली नाही. मला आता या माणसाची भीती वाटायला लागलीय."

भीती विजयकुमारलाही वाटत होती. एखाद्याने रागवावं तरी, म्हणजे कुठवर आलोय ते कळतं. इथे दर अपघातानंतर समोरचा माणूस आणखी नम्र होत होता.

जानेवारीच्या मध्यावर गुणवंतराव जातीने पाहणीला आले. लॉनवर उकिडवे बसले, चार पाती उपटली, वास घेतला, आणि उठून हात धुतले. डॉक्टर बाहेर येऊन हात पुसतात तेव्हा नातेवाइकांना जे कळतं ते विजयकुमारला कळलं. गुणवंतराव म्हणाले, हुमणी. सांगलीजवळ त्यांच्या मामांच्या उसाला लागली होती. मुळं खाणारी अळी. ती शेजाऱ्याच्या बागेतही जाते. सगळं लॉन मातीसकट काढून टाकायचं, जमीन मोकळी सोडायची आणि मार्चमध्ये दुकानातून हुबेहूब तसलंच गवत आणून बसवायचं, सेकिगुची-सानना पत्ता लागणार नाही. विजयकुमार कचरला. पुरावा म्हणून गुणवंतरावांनी एका ठिकाणी फावडं घातलं, आणि दुर्दैवाने खरोखरच एक पांढरी, वळलेली, गाढ झोपलेली अळी निघाली. एकच निघाली. पण घाबरलेल्या माणसाला एक पुरते.

दोन शनिवार-रविवार ते खणत होते. ताटाएवढे तुकडे निघत, ते महापालिकेने ठरवून दिलेल्या अर्धपारदर्शक पिशव्यांत भरले जात. एकूण एकतीस पिशव्या झाल्या. नोमुरा-सान कुंपणाशी आले. या वेळी ते थंडीचंही बोलले नाहीत. तोंड उघडलं, मिटलं, कमरेत वाकले आणि घरात गेले. विजयकुमारला वाटलं, दुःखात सहभागी झाले.

आता पिशव्या टाकायच्या होत्या. जपानात कचरा टाकणं ही स्वतंत्र विद्या आहे. बाटलीचं झाकण, बाटली आणि बाटलीवरचा कागद यांना तीन वेगवेगळे वार असतात. मातीला कुठला वार आहे हे तक्त्यात सापडेना, म्हणून विजयकुमार अर्धी रजा टाकून महापालिकेत गेला. पहिल्या खिडकीवरच्या मुलीने सांगितलं, की गवत हा जळणारा कचरा आहे, मंगळवारी ठेवा, फक्त मुळांची माती पूर्ण झटकून टाका. माती कुठे टाकू? दुसरी खिडकी. दुसऱ्या खिडकीवरच्या गृहस्थांनी नियमांचं पुस्तक काढलं, शेजारच्या सहकाऱ्याला विचारलं, दोघांनी मिळून तिसऱ्याला विचारलं आणि तिघेही उभे राहून वाकले. माती हा कचरा नाही. माती निसर्गाची आहे, आणि निसर्ग उचलण्याची आमच्याकडे सोय नाही.

"मग मी ही माती ठेवू कुठे?" विजयकुमारने विचारलं.

"बागेत ठेवा ना," ते गृहस्थ आदराने म्हणाले.

"बागेतूनच काढलीय."

"मग परत तिथेच ठेवलेली बरी."

विजयकुमारने घरी येऊन हा संवाद सुप्रभाला आणि फोनवरून गुणवंतरावांना रंगवून सांगितला आणि तिघेही या कारकुनी डोक्याला पोट धरून हसले. डिसेंबरपासून त्याला मिळालेला हा पहिला बरोबर सल्ला होता, ही गोष्ट तेव्हा कोणाच्या डोक्यात यायचं कारण नव्हतं.

पिशव्या दाराशी ठेवल्या, तर गल्लीच्या मंडळाचं फिरतं पत्रक आलं. नाव कोणाचंच नव्हतं, पण कचरा वाराप्रमाणेच बाहेर ठेवावा अशी सर्वांना नम्र विनंती होती, आणि चित्रात पिशवी फोडणारा कावळा काढला होता. शेवटी घरात एकच जागा उरली. दक्षिणेकडची चटयांची खोली, काचेच्या मोठ्या दारांची. तिथे सुप्रभा कपडे वाळत घाली, म्हणून दिवसभर हीटर चाले. प्लास्टिक अंथरून एकतीस पिशव्या भिंतीला लावून रचल्या. वर ओले कपडे, खाली मेलेलं लॉन. चैत्राली मैत्रिणींना घरी आणेनाशी झाली.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी ऑफिसात सुप्रभाचा फोन आला. तिचा आवाज इतका शांत होता, की विजयकुमार खुर्चीतून उठलाच.

"सेकिगुची-सान येतायत. रविवारी. नवऱ्याचं वर्षश्राद्धासारखं काहीतरी आहे, त्याआधी त्यांना लॉन बघायचंय," ती म्हणाली. "आणि दुसरं असं की तू आत्ताच्या आत्ता घरी ये. पिशव्यांत काहीतरी हिरवं आहे."

तो दोनच्या गाडीने घरी पोचला. चटयांच्या खोलीत सुप्रभा हात बांधून उभी होती. काचेजवळच्या पिशव्यांना आतून दमट घाम आला होता, आणि त्या घामाला टेकून, प्लास्टिकला नाक लावून, कोवळी हिरवी पाती उभी होती. विजयकुमारने एक पिशवी सोडली, दुसरी सोडली. सगळीकडे तेच. ते गवत जिवंत होतं. ते कधी मेलंच नव्हतं. त्याला आनंद झाला आणि त्या आनंदाच्या पोटातूनच भीती वर आली. जिवंत माणसाला तिरडीवर बांधल्यावर त्याने डोळे उघडावेत, तसा तो पिशव्यांकडे बघत बसला.

सुप्रभाने तोवर गल्लीत चक्कर मारली होती. ती म्हणाली, की प्रत्येक घरातलं लॉन पोत्याच्या रंगाचं आहे. शाळेसमोरचं, स्टेशनसमोरचं, नोमुरांचंसुद्धा. "इथलं गवत थंडीत झोपतं, विजय. मार्चात उठतं. आपण हिवाळाभर फक्त आपल्याच अंगणात बघत होतो."

विजयकुमारने वही काढली आणि तीन कोरी पानं पुन्हा पाहिली. त्या तीन महिन्यांत काही करायचं नसतं, म्हणून काही लिहिलं नव्हतं. प्रोजेक्ट प्लॅनमध्ये एक ओळ रिकामी दिसली तर तीत स्वतःचं नाव घालणारा तो माणूस, त्याला कोरं पान ही सूचना असू शकते हे कोण पटवणार? होशिनो-सानना फोनवर सगळा प्रकार सांगितल्यावर त्या चाचरत म्हणाल्या, की शेजारी रोज तुमच्या मेहनतीचं कौतुक करत होते, त्याचा अर्थ आमच्याकडे साधारणपणे 'पुरे करा' असाही घेतात.

शनिवारी गुणवंतराव आले. आले तेव्हा ते हुमणीविषयी काही बोलले नाहीत, आणि विजयकुमारनेही विषय काढला नाही, मराठी माणूस इतपत नम्र इथे राहून होतो. दोघं तुकडे परत लावायला लागले. ताटाएवढे दीडशेच्या वर तुकडे, कुठला कुठला होता याची नोंद नाही. काचेजवळच्या पिशव्यांतले हिरवे, मागच्या पिशव्यांतले पोत्याच्या रंगाचे. एक बसवावा तर शेजारचा वर येई. दुपारपर्यंत अंगण ठिगळं लावलेल्या गोधडीसारखं दिसायला लागलं, आणि निम्म्या पिशव्या अजून भरलेल्याच होत्या. विजयकुमार फावडं टाकून मातीतच बसला. संजीवला काय सांगायचं याचं वाक्य तो मनात जुळवत होता.

तेवढ्यात कुंपणाचं छोटं दार वाजलं. नोमुरा-सान आत आले. रबरी बूट, हातमोजे, बगलेत एक रुंद फळी. ते पहिल्यांदाच या बाजूला येत होते. ते गुडघ्यांवर बसले, एक तुकडा उचलला, खालची माती बोटांनी सैल केली, तुकडा ठेवला, वर फळी ठेवली आणि फळीवर उभे राहिले. मग विजयकुमारकडे पाहिलं. तो उठला आणि फळीवर उभा राहिला. ऊन उतरेपर्यंत तिघे जण तुकडा ठेवत आणि त्यावर उभे राहत होते. एकतिसावी पिशवी रिकामी झाल्यावर नोमुरा-साननी ती झटकली, तिची सुबक घडी केली आणि ती कुठल्या वारी टाकायची ते सांगितलं.

रविवारी सेकिगुची-सान काळ्या कपड्यांत आल्या. लॉनच्या कडेला उभ्या राहिल्या. एक तुकडा पोपटी, शेजारचा पिवळा, मध्ये काळ्या मातीच्या रेघा. विजयकुमारने चार दिवस घोकलेलं जपानी माफीचं भाषण सुरू केलं आणि तिसऱ्या वाक्यावर सगळं विसरला. मग चैत्राली पुढे झाली. तिने पाणी, बर्फ, नोमुरा-सान, चादर, अळी, एकतीस पिशव्या, हीटर असं सगळं एका दमात जपानीत सांगून टाकलं. बापाची बाजू सावरायचा तिने काहीही प्रयत्न केला नाही.

सेकिगुची-साननी तोंडावर हात धरला. खांदे हलायला लागले. विजयकुमारला वाटलं, बाई रडतायत. मग त्याला कळलं, की बाई हसतायत, आणि डोळ्यांतून पाणीही येतंय, दोन्ही एकदम. मग त्या टाचा जुळवून कमरेत वाकल्या.

"चूक माझी आहे," त्या सावकाश, चैत्रालीला मराठीत सांगता येईल इतक्या सावकाश म्हणाल्या. "ते हिवाळाभर इथे खुर्ची टाकून नुसते बसायचे. तेच लॉनचं काम, असं म्हणायचे. नुसतं बसायचं हे वहीत कसं लिहायचं ते मला सुचलं नाही."

मग त्यांनी वही मागितली, पर्समधून पेन काढलं आणि जानेवारीच्या कोऱ्या पानावर दोन ओळी लिहिल्या. सोमवारी लंच टाइममध्ये होशिनो-साननी त्या वाचून दाखवल्या, वाचता वाचता त्यांना दोनदा खोकला आला. लिहिलं होतं : 'जानेवारी. २००६ साली टिपणीस-साननी लॉन घरात आणून हीटरपाशी झोपवलं. याची आवश्यकता नाही.' म्हणजे या घरात पुढे जो कोणी राहायला येईल, मग तो कुठल्याही देशाचा असो, तो दर जानेवारीत हे वाचणार होता. टिपणिसांच्या सात पिढ्यांत छापील किंवा लेखी असं कोणाचंच नाव कुठे राहिलेलं नव्हतं, आणि राहिलं ते हे.

त्याच संध्याकाळी एजंटचा फोन आला. नोमुरा-सान संजीवला घर द्यायला तयार आहेत. एवढ्या चुका करूनसुद्धा जो माणूस रोज साडेपाचला उठतो, त्याच्या मित्राला घर द्यायला हरकत नाही असं ते म्हणाले. विजयकुमारने संजीवला फोन केला, सुप्रभाने शिरा केला, आणि गुणवंतरावांनी फोनवर सांगितलं, की त्यांचा नोमुरांविषयीचा अंदाज पहिल्यापासून हाच होता.

पुढच्या शनिवारी सकाळी गल्लीत घरघर ऐकू आली म्हणून विजयकुमार बाहेर गेला. संजीवला मिळालेल्या त्या छोट्या घरासमोर सिमेंट कालवणारी गाडी उभी होती. त्या घरालाही पुढे खाटेएवढी हिरवळ होती, हे त्याने आजवर पाहिलंच नव्हतं. आता दिसली, कारण दोन माणसं ती अलगद, तुकड्या-तुकड्यांनी काढून नोमुरा-सानच्या अंगणात नेत होती, आणि तिसरा तिच्या जागी गुळगुळीत सिमेंट पसरत होता. नोमुरा-सान कडेला उभे राहून काम नीट होतंय ना ते बघत होते.

विजयकुमार त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहिला. दोघं बराच वेळ ते सिमेंट बघत राहिले. मग नोमुरा-सान कमरेत वाकले.

"थंडी आहे, नाही का?" ते म्हणाले.

हिवाळ्यात पहिल्यांदाच विजयकुमारला त्यांचं बोलणं पूर्ण समजलं. तो त्यांच्यापेक्षा थोडा जास्त वाकला आणि म्हणाला, "हो. फारच."